खाडीपलीकडची बिअर आणि ओतून दिलेली पिल्सनर

खाडीअल्याड

गटारीला कुठे बसायचं याचे तीन धागे वर आलेत, त्यात हा चौथा. पण मी सांगतोय त्या जागी गटारीला अजिबात जाऊ नका. खुर्ची मिळणार नाही, आणि बिअर करणारा पोरगा दोन शब्द बोलायला मोकळा सापडणार नाही. तिथली अर्धी मजा त्याच्याशी बोलण्यात आहे.

मी शिरोड्याजवळ राहतो. आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा. पेडणे तालुक्यात, मांद्र्याच्या थोडं पुढे, एका जुन्या कौलारू घरात हे ब्रूपब, म्हणजे जागेवरच बिअर करणारा बार, आहे. पुढच्या पडवीत टेबलं, मागे काच, काचेपलीकडे टाक्या. नाव देत नाही, कारण जाहिरात समजून माझे दोन धागे आधीच उडालेत. हवं त्याने व्यक्तिगत निरोप (व्यनि) करावा.

फळ्यावर खडूने पाच बिअर लिहिलेल्या असतात आणि त्यातल्या एक-दोन कायम खोडलेल्या. आधी मला याचा राग यायचा. आता खोडलेलं नाव दिसलं की बरं वाटतं. संपली तर संपली, दुसऱ्याची बाटली आणून ग्लासात ओतत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास देतात ते घ्यावेत. गव्हाची बिअर सगळ्यांना आवडते. वास केळ्याचा आणि मागून थोडी लवंग. केळं घातलंय का, हे दर टेबलावर एक जण विचारतोच. घातलेलं नसतं, ते काम यीस्टचं. स्टाऊट पावसाळ्यात प्यावी. सध्या मासेमारी बंद, त्यामुळे चखण्याला निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि गालम्याची, म्हणजे सुक्या जवळ्याची, किसमूर. भाजलेल्या जवाची कडवट चव आणि खाऱ्या बांगड्याचा धूर एकत्र आले की पुढचा अर्धा तास मी कुणाशी बोलत नाही. आयपीए मला कळत नाही, तेव्हा तिच्याबद्दल गप्प बसतो.

कोकमाची गोझं हा त्यांचा हुकमी एक्का. गोझं म्हणजे जर्मनीतल्या गोस्लार-लाइपझिगकडची आंबट बिअर. तिच्यात धणे आणि मीठ असतं. आंबट, खारट, धणे... आपण सोलकढीवर वाढलेली माणसं, आपल्याला ही चव कुणी समजावून द्यायला नको. रंग रतांब्यासारखा, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळासारखा. फोटो सगळे हिचेच टाकतात.

माझा जीव मात्र पिल्सनरवर. फिकट सोनेरी, साधी, लपायला जागा नसलेली बिअर. कोकम, आंबा, कॉफी घातली की चार चुका झाकल्या जातात. पिल्सनरमध्ये चूक म्हणजे पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला रसा. म्हणून कुठल्याही ब्रूपबमध्ये मी आधी तीच मागवतो. गाण्याच्या बैठकीला जाणारे म्हातारे नाही का, आधी नुसता षड्ज ऐकतात.

आता मूळ मुद्दा. गेल्या रविवारी गेलो. पाऊस मुसळधार, पडवीत आम्ही तिघेच. पिल्सनर आली, नाकाशी नेली तर लोण्याचा वास. पॉपकॉर्नवर ओततात त्या लोण्याचा. एक घोट घेतला, जिभेवर तेलकट थर. बोलावं की नको, असं झालं. आपण काय तज्ज्ञ नाही. शेवटी पोराला हाक मारली. त्याने ग्लास हुंगला, घोट घेतला, काही बोलला नाही. आत जाऊन टाकीला लावलेल्या बारक्या तोटीतून थेट थोडी काढून आणली. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून माझ्यापुढे सरकवले. दोन्हींत लोणी. मग त्याने फळ्यावरची पिल्सनर ओल्या फडक्याने पुसली.

"काका, चूक माझीच. शनिवारसाठी घाई केली," म्हणाला.

टाकीत सुमारे ३०० लिटर उरली होती, असं त्यानेच सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी ओतून दिली. माझ्याकडून त्या ग्लासाचे पैसे घेतले नाहीत, त्याच्या बदल्यात गव्हाची दिली.

मला प्रश्न आहे तो असा. लोण्याचा वास म्हणजे नक्की काय बिघडतं? आणि बाकीच्या ठिकाणी आपण तो 'क्राफ्ट आहे, असंच असतं' म्हणून पितो का?

बांगडाफ्राय

ह्या खय आसा? माका पण येवचा आसा. व्यनि करतंय.

कोपरगावकर_सध्या_ठाणे

वर्णन झकास. पण एक ग्लास कितीला, ते सोयीस्करपणे गाळलंत. मी मागच्या डिसेंबरात त्याच पट्ट्यात एका ठिकाणी चौघांचं बिल बघून गार पडलो होतो. तेवढ्यात गोव्याच्या साध्या बारमध्ये दोन दिवस निघाले असते.

खाडीअल्याड

@कोपरगावकर, ३२० रुपये, कर वेगळा. महाग आहे, मान्य. म्हणून महिन्यातून एकदाच जातो आणि दोनच ग्लास पितो. घरी परतायचं नसतं, हरमलला मित्राची खोली आहे. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडला की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, आणि पुलाच्या अलीकडे काय, पलीकडे काय, कायदा एकच.

जवाचा_दाणा

मी या धंद्यात काही वर्षं काढली आहेत. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो, मग पुण्यात दोन ठिकाणी टाक्या घासल्या. घासल्या हा शब्द मुद्दाम वापरला. ब्रुअरचं सत्तर टक्के काम धुण्याचं असतं.

खाडीअल्याड, तुमच्या नाकाला सलाम. त्या वासाला डायअसिटिल म्हणतात. यीस्ट वाढताना एक पदार्थ बाहेर टाकते आणि त्याचं पुढे आपोआप डायअसिटिल होतं. आंबणं संपत आलं की तीच यीस्ट ते परत गिळून टाकते. थोडक्यात, आपण केलेला पसारा आपणच आवरते. पण त्यासाठी तिला वेळ आणि थोडी ऊब लागते. लागर जातीची बिअर (पिल्सनर त्यातलीच) आंबते ८ ते १३ अंशांत, म्हणून शेवटी दोन-तीन दिवस टाकी १६-१८ अंशांवर नेतात. त्यानंतर थंड करून काही आठवडे मुरवतात. तुमच्या पोराने हे मधले दिवस खाल्ले असणार. टाकी लवकर थंड केली, यीस्ट झोपली, पसारा तसाच राहिला.

त्याने टाकीतून थेट काढून बघितलं, हे फार बरोबर केलं. कारण लोण्याचा वास घाणेरड्या नळीतूनही येतो. नळीत जंतू माजले की तेही डायअसिटिल करतात. टाकीतली चांगली आणि नळातली लोणकट, तर दोष धुण्याचा. दोन्हीकडे लोणी, तर दोष आंबवण्याचा.

पुढच्या वेळी भेटलात तर त्याला एक साधी चाचणी सांगा. अर्थात त्याला माहीत असणारच, घाईत राहिली असेल. टाकीतून दोन नमुने काढायचे. एक झाकणाच्या बरणीत घालून साधारण ६० अंशांच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं ठेवायचा, मग गार करून दोन्ही हुंगायचे. तापवलेल्यात लोणी आलं तर टाकी अजून तयार नाही. नळावर आज वास नसला तरी उद्या येणार. या चाचणीला गॅस, पातेलं आणि थोडा संयम लागतो. शनिवार जवळ आला की तिसरी गोष्ट आधी संपते.

आणि हो, 'क्राफ्ट आहे, असंच असतं' हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना ऐकवलंय. लाज वाटते.

वेंगुर्ल्याची_आत्या

मी बिअर पीत नाही, पण कोकमाचं वाचून राहवेना. तो मुलगा आगळ (कोकमाचा रस) घालतो की आमसूल? आगळात मीठ आधीच असतं. त्यात पुन्हा त्या जर्मन पद्धतीचं मीठ घातलं तर खारट फदफदा होईल. आमसुलं उन्हात वाळताना रसाची पुटं दिलेली असतात, त्यांना वेगळाच आंबूस वास असतो. खरी चव हवी तर एप्रिल-मेमध्ये ताजे रतांबे फोडून, बिया काढून घ्यायच्या. बिया फेकायच्या नाहीत. त्यांचं मुठेल होतं, भेगांना उत्तम.

खाडीअल्याड

@आत्या, तुमचा नेम बरोबर लागलाय. पहिल्या खेपेला त्याने कुडाळहून आगळ आणलं होतं आणि वरून मीठही घातलं. आम्ही तिघांनी एकेक घोट घेऊन पाणी मागवलं. आता मे महिन्यात रतांबे घेतो, सालींचा रस काढून थंडीत ठेवतो आणि आंबणं संपल्यावर घालतो. मीठ शेवटी, चवीपुरतं. तुमचा निरोप पोचवतो. मुठेलाचाही.

जांभा

एक शंका. कोकणातलं पाणी जांभ्यातून झिरपतं, त्यात क्षार कमी, साबणाला लगेच फेस येतो. चेकोस्लोव्हाकियातल्या पिल्झन गावचं पाणी असंच मृदू होतं आणि म्हणून तिथे पिल्सनर जमली, असं वाचलंय. म्हणजे तत्त्वतः कोकण हा पिल्सनरचा प्रदेश ठरतो की! खाडीअल्याड यांना तीच आवडते, हा योगायोग नसावा.

जवाचा_दाणा

@जांभा, आता चेक प्रजासत्ताक म्हणा. बाकी बरोबर. १८४२ साली योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिथे ती फिकट लागर पहिल्यांदा केली आणि मृदू पाणी तिला मानवलं. उलट इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्समसारखे क्षार भरपूर. त्यात हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा धारदार लागतो, म्हणून त्या गावाचं नाव पेल एल या बिअरशी जोडलेलं.

पण तुमचं स्वप्न मोडावं लागतंय. आज बहुतेक ब्रूपब पाणी आरओमधून काढून कोरं करतात आणि मग हवे ते क्षार मोजून घालतात. विहीर जांभ्यातली असो की खडकातली, टाकीत जाईपर्यंत ती ओळख पुसलेली असते. किनाऱ्यालगत तर आरओ हवाच. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात.

जांभा

मग 'स्थानिक बिअर' म्हणजे नक्की काय उरलं? जव उत्तरेकडचा किंवा परदेशी, हॉप्स परदेशी, यीस्ट पाकिटातली, पाणी कोरं केलेलं. कोकणातला फक्त पाऊस?

खाडीअल्याड

@जांभा, मी हेच त्याला एकदा चिडवण्यासाठी विचारलं होतं. तो मला मागच्या दाराकडे घेऊन गेला. तिथे निळ्या पिंपांत माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) चोथा, अजून गरम, वाफ निघणारा. गावातला म्हशीवाला रिक्षा टेम्पो घेऊन आला होता. दर खेपेला शंभर-सव्वाशे किलो ओला चोथा निघतो, तो म्हशींना जातो, आणि त्या म्हशींचं दूध त्याच घरात चहाला येतं. "हे स्थानिक धरा," म्हणाला.

शिवाय गेल्या वर्षी त्याने कोरगुट घालून एक लागर केली होती. कोरगुट म्हणजे खाजणात, खाडीकाठच्या खारजमिनीत होणारा, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा तांबडा भात. तांदूळ आधी वेगळा शिजवावा लागतो, नुसता जवाबरोबर कोमट पाण्यात टाकून त्यातल्या स्टार्चची साखर होत नाही. पोराने आईचं मोठं टोप आणलं, तळाला लागलं, आणि बिअरला किंचित करपलेल्या पेजेचा वास आला. मला आवडली. बाकी कुणालाच नाही.

नाशिकची_थंडी

थोडं अवांतर. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' हे ब्रूपब सुरू झालं तेव्हा आमच्या नाशिककरांना नावाची गंमत वाटली होती. इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे भ्रमिष्ट, आणि तो शब्द आमच्या देवळालीवरून आलाय. तिथल्या छावणीत ब्रिटिश सैनिक घरी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून असायचे आणि डोक्यावर परिणाम व्हायचा. आमच्या गावाने जगाला दिलेला शब्द हा असा.

भाण_आणि_लावणी

सगळे जवाच्या मागे लागलेत, म्हणून मी आमच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे काजूच्या बोंडवांचा हंगाम मार्च ते मे. बोंडू मळून रस काढायचा, तो आपोआप आंबतो, पाकिटातली यीस्ट नको की आरओ नको. भाणात (दारू गाळायच्या भांड्यात) एकदा उकळला की हुर्राक, पुन्हा काढला की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ्यात मीठ, लिंबू, चिरलेली हिरवी मिरची घातलेला हुर्राक सोडून ३२० रुपयांना पिल्सनर पिणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे.

त्या पोराला बोंडवांची बिअर करायला सांगा. मग स्थानिक म्हणू.

जवाचा_दाणा

@भाण, आम्ही पुण्यात करून पाहिली होती. बोंडवाचा रस घसा धरतो, त्यात टॅनिन खूप. आंबल्यावर गोडी जाते आणि तो तुरटपणा उघडा पडतो. गाळून गाळून कंटाळलो. शिवाय बोंडू झाडावरून पडला की दुसऱ्या दिवशी सडायला लागतो, पुण्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मा गेलेला. पेडण्यात बसून करणाऱ्याला यातली दुसरी अडचण नाही. पहिली आहेच.

जाता जाता, मासे खात बिअर पिणाऱ्यांसाठी. ग्लासातला फेस दोन मिनिटांत बसला तर लगेच बिअरला नावं ठेवू नका. ओठाला लागलेलं तेल फेस मारतं. आधी ओठ पुसा. आणि ग्लास रिकामा होताना आतल्या काचेवर फेसाची जाळी राहिली तर ग्लास नीट धुतलेला आहे. बुडबुडे काचेला चिकटून बसले असतील तर धुणाऱ्याला बोलवा.

संपादक

ब्रूपबचं नाव विचारणारे प्रतिसाद काढले आहेत. तसंच गोव्यातून कॅन भरून बांद्यापलीकडे कसं आणावं, यावरचे प्रतिसादही. कृपया.

बांगडाफ्राय

बांद्याक कित्याक न्हेतास? तां बाटलीतला नसता, दुसऱ्या दिवशी गॅस जाता, मगे पाणी प्या.

कोपरगावकर_सध्या_ठाणे

गटारी झाली, आता श्रावण. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. घरच्यांच्या देखत जायचं कधी?

खाडीअल्याड

@कोपरगावकर, फटीत. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागायच्या आत एक दुपार सापडते. दर वर्षी हाच हिशोब करतो.

खाडीअल्याड (दीड महिन्यानंतर)

धागा वर काढतोय, क्षमस्व. फट सापडली, जाऊन आलो.

मासेमारी पुन्हा सुरू झालीय, त्यामुळे ताजे बांगडे होते, रव्यात तळलेले. ओठ पुसले. फेस टिकला. जवाचा_दाणा, आभार.

फळ्यावर आता प्रत्येक बिअरपुढे तारीख असते, टाकी नळाला लावल्याची. पिल्सनर फळ्यावर नव्हती. पण काचेतून दिसत होतं की टाकीवर पट्टी चिकटवलीय, 'पिल्स' आणि खाली तारीख, साडेपाच आठवड्यांपूर्वीची. मी म्हटलं, भरलेली दिसतेय, दे की एक. मुंबईहून आलेले दोघे शेजारच्या टेबलावर होते, तेही मागत होते. तो आत गेला, दोन छोट्या बरण्या घेऊन आला. एक कोमट, एक गार. माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "तुम्हीच सांगा."

गारमध्ये काही नव्हतं. कोमट बरणीचं झाकण काढलं, तर अगदी पुसट, आहे की नाही कळू नये इतकं लोणी. मी म्हटलं, मला तर चालेल. तो म्हणाला, "मला नाही. अजून आठ दिवस."

मुंबईकर चिडले, उठून गेले. मी गव्हाची घेतली आणि हरमलला जाऊन झोपलो.

बांगडाफ्राय

मगे आठ दिवसांनी जावया?

खाडीअल्याड

आठ दिवसांनी पितृपक्ष चालू असेल रे.

बांगडाफ्राय

गावच्या राखणदाराक दारू चलता, मगे पितरांक कित्याक नाय?